रेखावहिनीचे गुडघे आणि बबनचा खर्रा

ओल्या सिमेंटनं रेखावहिनीचे गुडघे जळाल्याचं गावभर झालंच होतं. त्यामुळे संध्याकाळी पानठेल्यासमोर कोणी कोणाला काही सांगत बसलं नाही. सिमेंट पुरवणाऱ्या बबन सप्लायरनं सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा घोटता घोटता सुरुवात केली.

"सिमेंटनं कोनी जळते का बे? राखच तं असते ते. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याच्या धुराड्याखाली जनम गेला आपला, आपुन मेलो का?"

मिस्त्रीकाकांनी बिडी विझवली. "राखच असन तं चुलीतली भर थैलीत अन् वीक त्याच भावानं."

"टाकतेतच ना पन राख! चंद्रपूरच्या थर्मलची!"

"टाकतेत. पंधरा ते पस्तीस टक्के. बाकीची काय कणीक असते?"

आयटीआय करून कारखान्यात अप्रेंटिस राहिलेला सुन्या मध्ये पडला. चुनखडी आणि माती भट्टीत १४५० अंशांपर्यंत तापवतात, त्याच्या गोट्या होतात, ते क्लिंकर. मग थोडं जिप्सम घालून दळतात. "जिप्सम नसलं तं मसाला घमेल्यातच आखडून बसन," तो म्हणाला. पाणी पडलं की त्यातून चुना सुटतो. ओल्या सिमेंटचा पीएच, म्हणजे क्षारपणा मोजायचा आकडा, बारा-तेराच्या घरात, आपल्या कातडीचा साधारण साडेपाच, आणि एकेक अंक म्हणजे दहापट.

बबन हसला. "चुना तं मी रोजच खातो!"

"त्या खर्र्यानंच तं तुह्यं तोंड दोन बोटंच उघडते," मिस्त्रीकाका म्हणाले.

ठेलेवाल्यासकट सगळे हसले. बबननं तरी पुडी तोंडात रिकामी केलीच.

मला हसू आलं नाही. वहिनी माझी चुलतवहिनी. त्या दिवशी कोबा टाकताना ती ओल्या मसाल्यात गुडघे टेकून दुपारभर घोटत होती आणि मी तिथंच रेती चाळत होतो. लुगडं भिजून गुडघ्यांना चिकटलेलं मला दिसत होतं. एकदा "चुरचुर होते" म्हणाली, पदरानं पुसलं आणि पुन्हा बसली. रात्री कातडी काळी पडली. तेव्हाच भिजलेलं कपडं बाजूला करून वीसेक मिनिटं धारेखाली धुवायला हवं होतं. कोरडी भुकटी अंगावर असेल तर आधी झटकायची, मग पाणी. हे मला दवाखान्यात कळलं, आणि तेव्हा उशीर झाला होता.

"आगीनं पोळलं तं मानूस हात मांगं घेते," मिस्त्रीकाका म्हणाले. "सिमेंट तसं नाही. ते गप बसून खाते. दुखाले लागते तवा चामडी गेलेली असते."

त्यांनी बोटं पुढे केली. भेगा, जाड झालेली कातडी. तीस वर्षं थापी धरलीय. सुन्या म्हणाला, ही भेगांची खाज सिमेंटमधल्या क्रोमियम धातूची. एकदा अंगाला लागली की मग थोड्याशा सिमेंटनंही उठते. युरोपात २००५पासून सिमेंटमधलं असलं क्रोमियम दहा लाखात दोन भागांच्या वर चालत नाही.

"अन् कटर चालवतान पानी सोडत जा," मिस्त्रीकाकांनी त्याच्याकडेच मोर्चा वळवला. "काँक्रीटची, फरशीची ती भुकटी छातीत बसली तं निंगत नाही. रुमाल बांधून काय होते? मच्छर अडते फक्त."

बबननं शेवटचा डाव टाकला. "बायाइले रबरी हातमोजे, गमबूट कोन देईन? अन् ते घालून चालतीन कशा?"

"तू फवारनीले गमबूट घालून पऱ्हाटीत जात नाहीस का? तवा बरा चालते! एका थैलीच्या पैशात एकीचं भागते."

"काका, तुम्ही जुना राग काढून राह्यले."

"हो, काढतो. पावसाळाभर गोठ्यात ठेवलेल्या थैल्या तूनंच देल्ल्या होत्या मले. गड्डे फोडून छपाई कर म्हने! पहिल्याच उन्हाळ्यात भीत सोलून आली अन् नाव कोनाचं खराब झालं?"

"कोनाची भीत?" सुन्यानं विचारलं, माहीत असूनही.

"याच्याच संडासाची!"

आता मलाही राहवलं नाही. बबन तोंडातला खर्रा सांभाळत "चार जोड आनतो उद्या" असं काहीतरी बोलला, पण हसण्यात ते कोणाला नीट ऐकूच गेलं नाही. मी त्याला तीनदा विचारून वदवून घेतलं.