कित्तूरच्या किल्ल्यात लॉन कशाला?

बेळगावची माणसं हंपी-बदामी आवर्जून करून येतात, पण तासाभरावरच्या कित्तूरला शाळेच्या सहलीनंतर सहसा कुणी फिरकत नाही. परवा आम्ही गेलो. चैत्रातलं ऊन, मलप्रभेत पाणी कमी आणि दगडच जास्त.

१८२४ च्या ऑक्टोबरात इथं लढाईत इंग्रज कलेक्टर थॅकरे पडला, डिसेंबरात कंपनीनं मोठी फौज आणून किल्ला घेतला, कित्तूरच्या राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेतच १८२९ साली वारल्या. एवढं आपल्याला पाठ असतं. पडक्या वाड्यात मी मात्र न्हाणीपाशीच अडकलो. पाणी आत घ्यायची वाट वेगळी, सांडपाण्याची वेगळी. पोरानं बाटलीतलं पाणी ओतून बघितलं, तर दगडी मोरीतून सरळ वाहून गेलं. उतार अजून शाबूत! ध्रुवतारा बघायला भिंतीत ठेवलेली नळीही आहे, पण पोराला मोरीचंच वेड लागलं.

आणि बाहेर काय, तर लॉन. कडेनं डुरांटाची पिवळी कुंपणं. टळटळीत उन्हात एक मामा पाइप धरून गवत भिजवत उभे. कानडीत म्हणाले, एक दिवस चुकला की पिवळं पडतंय बघा. विलायतेत बारा महिने पाऊस, तिथल्या राजवाड्यापुढं गवत आपसूक हिरवं राहतं. आपल्याकडं पावसाळा चार महिन्यांचा. आलेली माणसं बसली होती कुठं? कडुलिंबाखाली, डबे सोडून. त्या उन्हात लॉनवर कोण बसणार?

देशी-परदेशीचा वाद मला घालायचा नाही. डुरांटा अमेरिकेकडचा, तसा आपल्या देवळापुढचा पांढरा चाफाही तिकडचाच. माझं भांडण सावलीसाठी आहे. आमच्या खानापूर भागात जुन्या घरांत न्हाणीचं पाणी परसातल्या केळीला आणि अळवाला जायचं. इथं तर मोरी आयतीच आहे! तिच्या तोंडाशी केळीचं बन, वाटेच्या दुतर्फा बकुळ आणि सोनचाफा, मोकळ्या जागी करंज. चैत्रात करंजाची पोपटी पालवी बघितलीय ना? त्यापुढं कसलं लॉन!

फोटो लॉनवर चांगले येतात म्हणे. येऊ देत की, थोडं ठेवा. बाकीच्या जागेत झाडं लावा. ऑक्टोबरात कित्तूर उत्सवाला मंडप पडतो तेवढी जागा सोडली तरी भरपूर उरते. रोपं जूनच्या पावसात लागायची असतील, तर खड्डे आत्ताच काढून तापू द्यायला हवेत.