मधल्या फळीतली गिटार

स्वस्त गिटार घेताना डोकं लावावं लागत नाही. मिळेल ती उचलायची आणि बोटं सोलवटली की तिच्या नावाने खडे फोडायचे. महागडी घेणाऱ्याचं तर काय, त्याच्या वतीने विचार करायला माणसं खुर्ची पुढे करून उभी असतात. हाल होतात ते मधल्याचे. मधल्या किमतीच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये सगळं असतं आणि एक काहीतरी नसतं. कुठलीत काय नाही ते हुडकायचं आणि मग ‘एवढं नसलं तरी चालवून घेऊ’ असं मनाशी ठरवायचं, याला खरेदी म्हणतात.

मुळात यात दोन घराणी. पहिलं फेंडरचं. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती; हे कळल्यापासून मला तो घरचाच वाटतो. १९५० साली त्याने एका सपाट लाकडी फळीला नेक, म्हणजे गिटारची मान, चक्क स्क्रूने आवळून गिटार बाजारात आणली. तीच पुढे टेलिकास्टर झाली आणि १९५४ मध्ये तिच्यामागून कमनीय स्ट्रॅटोकास्टर आली. दुसरं घराणं गिब्सनचं. त्यांची लेस पॉल १९५२ची. नेक चिकटवलेला, अंग महोगनीचं आणि वजन असं, की तासभर उभं राहून वाजवलं तर खांदा वेगळी तक्रार नोंदवतो. दोन्ही घराण्यांना आपापली धाकटी पाती आहे : फेंडरची स्क्वायर, गिब्सनची एपिफोन. आमच्यासारख्यांचा वावर बहुतेक या धाकट्या पातीतच. शिवाय यामाहाची पॅसिफिका, आयबानेझची आरजी अशी कुणाचाच गंडा न बांधलेली मंडळी आहेत. ती दोन्हीकडचं थोडं थोडं गाऊन दाखवतात.

घराणं निवडायचं म्हणजे आधी पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत उतरवणारं चुंबक आणि वेटोळं, निवडायचा. सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, आवाज स्वच्छ, किणकिणता. पण आजूबाजूच्या विजेच्या तारांची गुणगुणही तो तितक्याच प्रामाणिकपणे ऐकवतो. गिब्सनच्या सेथ लव्हरने यावर उपाय काढला आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवायच्या, एक सुलटी, एक उलटी, चुंबकाची टोकंही उलटसुलट. गिटारच्या तारांचा आवाज मिळून येतो आणि गुणगुण परस्पर कटते. हाच हंबकर. मात्र गुणगुणीबरोबर थोडी किणकिणही जाते, आणि ती गेल्याचं दुःख आपल्याला आहे की नाही हे ठरवण्यात माझे बरेच शनिवार गेले.

एकदा सिंगल कॉइलची गिटार मांडीवर घेऊन दुकानात बसलो. अ‍ॅम्पमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून, गुंऽऽ. तारांना हात लावला, जरा दबली. हात काढला, पुन्हा गुंऽऽ. खुर्ची थोडी डावीकडे फिरवली, कमी झाली. आणखी फिरवली, वाढली. शेवटी भिंतीकडे तोंड करून एका विशिष्ट कोनात बसल्यावर शांतता पसरली. म्हणजे ही गिटार घेतली तर आपले सगळे कार्यक्रम भिंतीसमोर. माझं वादन लक्षात घेता ही सोय म्हणूनही जाहिरातीत टाकता आली असती.

मग स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. फेंडरची साडेपंचवीस इंच, गिब्सनची पावणेपंचवीस. पाऊण इंचाचा प्रश्न, पण तेवढ्यात तारा सैल-घट्ट होतात. आखूड स्केलवर त्याच सुराला तार कमी ताणावी लागते, त्यामुळे ती बोटाने ओढणं सोपं जातं. बॉडीच्या लाकडाने इलेक्ट्रिक गिटारचा आवाज किती बदलतो या वादात मी पडत नाही. त्यात पडलेली माणसं परत आलेली मी पाहिलेली नाहीत.

आमचा एक जाणकार मित्र आहे. प्रत्येकाला असतो. सल्ला मागायच्या आधीच देतो, म्हणून त्याला बरोबर नेलं. एक निळी गिटार त्याने उलटीपालटी करून पाहिली.

“ही घे. फक्त पिकअप बदल.”

“बरं.”

“आणि खुंट्या बदल. सूर धरत नाहीत.”

“बरं.”

“वरच्या टोकाला तारा टेकतात तो नट प्लास्टिकचा आहे, तो हाडाचा बसव. नॉबखालच्या पॉट्सवर माझा विश्वास नाही, त्याही बदल.”

“अरे, मग मी घेतोय काय?”

“बॉडी,” तो म्हणाला. “बॉडी कसली मस्त आहे!”

एक मात्र त्याने कामाचं शिकवलं, त्याबद्दल त्याचे बाकीचे सल्ले माफ. गिटार हातात घेतली की वाजवायच्या आधी नेकच्या कडेवरून तळहात वरपासून खालपर्यंत सरकवायचा. फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं नीट घासलेली नसतील, किंवा कोरड्या हवेत लाकूड आक्रसलं असेल, तर ती करवतीगत हाताला लागतात. किमतीच्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं नसतं. मग बाराव्या फ्रेटवर तार हलकेच स्पर्शून हार्मोनिक काढायचा आणि तिथेच दाबून सूर काढायचा. दोन्ही जुळले नाहीत तर इंटोनेशन, म्हणजे फ्रेटगणिक सुरांचा हिशेब, बिघडलंय. ते ब्रिजवरच्या, म्हणजे तारांखालच्या घोडीवरच्या, स्क्रूने सुधारतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. नेकच वाकडातिकडा पिळला असेल तर मात्र गिटार जागच्या जागी टांगून ठेवायची आणि कुणी पाहत नाही ना बघून निघायचं. माझं स्पष्ट मत असं, की दोन ब्रँडमधल्या फरकापेक्षा चांगल्या हाताने केलेल्या सेटअपचा फरक मोठा असतो. तारा फळीपासून मैलभर उंच असल्या तर लेस पॉलसुद्धा शिक्षा वाटते.

मधेच मला ब्रायन मेची गोष्ट कळली. हवी तशी गिटार परवडत नव्हती, म्हणून पुढे क्वीनमध्ये वाजवणाऱ्या या पोराने १९६३ मध्ये वडिलांना हाताशी धरून घरीच गिटार करायला घेतली. नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा, स्प्रिंगा एका जुन्या मोटारसायकलच्या आणि सूर थरथरवणाऱ्या ट्रेमोलोच्या दांड्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. ती गिटार घेऊन तो पुढे कित्येक दशकं मोठमोठ्या मंचांवर वाजवत राहिला. हे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितलं. बायकोने काही न बोलता आपल्या विणकामाच्या सुया कपाटात ठेवल्या आणि किल्ली कमरेला लावली.

तर पुन्हा दुकान. दुकानात गिटार वाजवून पाहणं ही खरी परीक्षा, आणि ती गिटारची नसते. शेजारच्या स्टुलावर एक शाळकरी मुलगा डोळे मिटून अशा वेगाने वाजवत असतो की आपली बोटं आपोआप खिशात जातात. मला येतात चार कॉर्ड, त्यातली एक पाहुण्यांसमोर काढण्यासारखी नाही. म्हणून मी व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, कान बॉडीला टेकवून इलेक्ट्रिक गिटार ऐकत होतो. डॉक्टर छाती तपासतात तसा.

“काका, आवाज वाढवा ना,” काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

“नको, मी लाकूड ऐकतोय.”

त्याने अदबीने गिटार माझ्या हातातून घेतली, नॉब फिरवला आणि असं काही वाजवलं की शेजारचा शाळकरी मुलगाही थांबला. मग दुसरी घेतली, तीही तशीच बोलली. मग मी नाकारलेली ती निळी घेतली. तीही! विकणाऱ्याने गिटार वाजवून दाखवू नये असा नियमच हवा. त्यातून एवढंच कळतं की त्याचा रियाज चांगला आहे.

शेवटी मी ब्रिजपाशी हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल असलेली घेतली. पाच टप्प्यांचा स्विच, म्हणजे दोन्ही घराण्यांकडे जाणं-येणं चालू. नेकला हात लागला तरी ओरखडा नाही, वजन खांद्याला झेपेल असं. नसलेली गोष्ट म्हणजे रंग. मला मधे पिवळा, कडेला गडद असा सनबर्स्ट हवा होता, ही पिस्त्यासारखी हिरवी आहे. चालवून घेतलं.

पैसे दिले, पावती झाली. मुलगा गिटार बॅगेत भरता भरता म्हणाला, “काका, घरी अ‍ॅम्प कुठला आहे?”

“आहे एक छोटा. हेडफोनपुरता.”

त्याची चेन ओढणारी बोटं थबकली. ज्यातून आतापर्यंत सगळ्या गिटारी ऐकवल्या, त्या कोपऱ्यातल्या भल्यामोठ्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पकडे त्याने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हाला जो आवाज आवडला ना काका, तो अर्धा त्याचा होता.”

मी अ‍ॅम्पवरची किंमत वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“मधल्या किमतीचा असतो का एखादा?”

“असतो की!” त्याने स्टूल पुढे सरकवलं. “त्यात दोन प्रकार येतात. बसा ना.”