मावशी, तुझं ऑफिस!

सकाळी सकाळी घरच्या ग्रुपवर भाच्याने एक क्लिप टाकली. खाली ‘मावशी, तुझं ऑफिस!’ आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणाऱ्या तोंडांची रांग. क्लिप ‘आउटसोर्स्ड’ची. एनबीसी ह्या अमेरिकन चॅनेलवर सप्टेंबर 2010 मध्ये सुरू झालेली आणि मे 2011 मध्ये गुंडाळलेली सिटकॉम, म्हणजे विनोदी मालिका. कॅन्सस सिटीतला टॉड ऑफिसात येतो तर काय, अख्खं कॉल सेंटर मुंबईला हलवलेलं. नोकरी टिकवायची तर तूही जा तिकडे. आणि हे सेंटर विकतं काय, तर रबराची खोटी उलटी आणि चीजच्या आकाराच्या टोप्या.

भाच्यावर राग नाही. तो तेव्हा बालवाडीत होता. राग आहे तो ज्यांनी ही मालिका लिहिली त्यांच्यावर, कारण विनोद समोर ताटात वाढून ठेवला होता आणि हे लोक टेबलाखाली शोधत बसले.

मी कॉल सेंटरच्या धंद्यात होते तेव्हा फोनवर माझं नाव नॅन्सी. प्रिंटरचा सपोर्ट. जुलैची रात्र, मालाडला धो धो पाऊस, आणि लाइनवर अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या, ओमाहाच्या एक आजी. त्यांना प्रिंटरचं बटणच सापडेना. शोधता शोधता गप्पा निघाल्या आणि आजींनी विचारलं, तुमच्याकडे हवा कशी आहे? फ्लोअरवर मोठ्या स्क्रीनवर अमेरिकन शहरांचं हवामान लावलेलं असायचं, ते ह्यासाठीच. मी वाचून दाखवलं, लख्ख ऊन आहे. आणि त्याच क्षणी अशी वीज कडाडली की हेडसेटमधून थेट नेब्रास्कात पोचली.

आता मला सांगा, ह्यात सिटकॉम नाही?

‘आउटसोर्स्ड’च्या पहिल्या भागात काय आहे? कॅन्टीनचं जेवण खाल्लं की पोट बिघडणार. गाय. मान हलवणं. पगडी. झालं, संपली मुंबई. चित्रीकरण सगळं लॉस एंजेलिसला, त्यामुळे लोकल नाही, पाऊस नाही, पहाटे झोपेत घरी सोडणारी कॅब नाही. मला तर मालिकेतलं ऑफिस आठवतं ते उजेडातलंच. अहो, अमेरिकेतला दिवस म्हणजे आमची रात्र, ह्या एका गोष्टीवर आमचं आयुष्य उलटंपालटं झालं होतं! आई दूधवाल्याला दार उघडायची तेव्हा मी घरात शिरायचे आणि शेजारच्या काकू दारातूनच विचारायच्या, ‘आत्ता येतेस?’ त्या दोन शब्दांत किती शंका भरता येतात हे तुम्हाला माहीत आहे.

आणि पात्रांची नावं बघा. राजीव गिडवानी, मनमीत, गुप्ता, आशा, माधुरी. मुंबईतलं ऑफिस, पण मुख्य मंडळींत एक कदम नाही, एक डिसोझा नाही. एका भागाचं नाव मात्र ‘जॉली विंडालू डे’. विंडालू गोव्याचं, ते घेतलं. गोव्याचा माणूस नको.

असो. आजी दोन क्षण गप्प झाल्या. मग म्हणाल्या, बाळा, तू आहेस तरी कुठे? नॅन्सीला ह्यावर एकच उत्तर देता यायचं, ते सांगण्याची मला परवानगी नाही म्हणून. टीएल, म्हणजे टीम लीडर, मागे येऊन उभा, मनगटावर बोट आपटत, कारण माझा एएचटी, म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, केव्हाच लाल झालेला. मी म्हणून टाकलं, मुंबई. आजींनी तिकडे हिशोब केला असावा. म्हणाल्या, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे दोन? जेवलीस का गं?

(त्यांनी ‘गं’ म्हटलं नाही हे कळतंय मला. पण मला तसंच ऐकू आलं.)

सगळ्याच आजी नव्हत्या. शिव्या पण खाल्ल्या, आमच्या नोकऱ्या चोरल्यात म्हणून. 2010 साली अमेरिकेत बेकारी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती, तेव्हा त्या माणसांचा संताप अगदीच खोटा नव्हता, हे मान्य. पण मग तो दाखवा ना! रोज रात्री ह्या दोन टोकांची माणसं एकमेकांच्या कानात बोलत होती. तिकडे नोकरी गेलेला, इकडे नोकरी लागलेली, आणि मध्ये बिघडलेला प्रिंटर. हे सोडून गाय?

गंमत म्हणजे मूळ सिनेमा असा नव्हता. जॉन जेफकोटचा, ह्याच नावाचा, 2006 सालचा. तो मुंबईत येऊन केलेला, आणि त्यात आपल्या अमरावतीत जन्मलेला आसिफ बसरा होता. तिथेही गोरा साहेब शिकायला येतो आणि सावळी माणसं त्याला शहाणं करतात, ते आहेच. पण त्यातली माणसं, माणसं वाटतात.

लिहिता लिहिता जरा थंड झाले, म्हणून हेही लिहिते. मालिकेतल्या नटांचा दोष काडीचा नाही. अमेरिकेच्या मोठ्या चॅनेलवर, गुरुवारी रात्री, ‘द ऑफिस’ ह्या गाजलेल्या सिटकॉमच्या पाठोपाठ, पडद्यावर बहुतेक चेहरे आपल्यासारखे, हे त्याआधी कुणी बघितलं होतं? रिझवान मांजीचा राजीव बघा, मॅनेजरच्या खुर्चीसाठी कसा तळमळतो. तस्सा माणूस माझ्या फ्लोअरवर होता. परवेश चीनाचा बडबड्या गुप्ता तर प्रत्येक शिफ्टला एक असायचाच. आणि अनिशा नागराजनची माधुरी, जिचा आवाज तोंडाबाहेर पडतच नाही! ही बाई ब्रॉडवेवर नायिका म्हणून गायलेली, आणि तिला काम दिलं पुटपुटण्याचं. तरी ती जेव्हा जेव्हा फोन उचलते तेव्हा मला आमच्या बॅचची डोंबिवलीची मुलगी आठवते. ट्रेनिंगमध्ये तिच्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’चा इतका कीस पाडला की ती घरीही गप्प राहायला लागली.

पुढेपुढे मालिका सुधारली होती हो. राजीवच्या लग्नापर्यंत येता येता लेखकांना ही माणसं जरा कळायला लागली होती. तेवढ्यात 22 भागांवर पडदा.

आजींनी मला सर्व्हेत पाचापैकी पाच दिले. कॉल तपासणाऱ्या क्यूएने त्याच कॉलला शून्य दिलं. कारणं दोन: ग्राहकाशी खासगी बोलणं आणि ठिकाण उघड करणं. त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला. टीएल म्हणाला, ‘आजीला सांग पैसे पाठवायला.’ तेव्हा रडले होते, आता हसू येतं.

आणि आता एनबीसीवर चिडायचं राहिलंय. ह्या मालिकेला जागा द्यायला त्यांनी ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ ही आपलीच दुसरी सिटकॉम जानेवारी 2011 पर्यंत बाजूला ठेवली होती. मग तिला परत आणून गुरुवारची साडेनऊची वेळ दिली आणि ‘आउटसोर्स्ड’ला ढकललं रात्री साडेदहाला. ‘पार्क्स’ पुढे एकूण सात सीझन चालली. मला आवडते, खोटं कशाला बोलू. पण तिचा पहिला सीझन आठवा. सहा भाग, आणि तेही रडतखडत. ‘द ऑफिस’चाही पहिला सीझन सहा भागांचाच, तेव्हा लोकांनी नाकं मुरडलीच होती. त्यांना सावरायला वेळ मिळाला. वाईट पहिला सीझन करून पुढे जाण्याची मुभा ‘पार्क्स’च्या लेस्ली नोपला होती, ‘द ऑफिस’च्या मायकल स्कॉटला होती. गुप्ताला का नव्हती?