खुर्ची कुणाला, हे आधी ठरवा ना!

निवडणूक लागली की वृत्तवाहिन्यांचे चर्चेचे मंडप बालगंधर्वला, नाहीतर शनिवारवाड्यापाशी. मंचावर आठ जण. तासातून जाहिराती आणि निवेदक मिळून वीस मिनिटं वजा करा. उरलेल्या चाळिसात प्रत्येकाला पाच. त्यातही चार माईक एकदम चालू! पुण्याच्या पाण्यावर बोलायला येतात मुंबईचे प्रवक्ते, ज्यांना खडकवासला साखळीतली चार धरणं सांगता येणार नाहीत. उमेदवार कुठे? तो 'प्रचारात व्यस्त'.

बोलावणं कोणत्या निकषावर? कुणी सांगत नाही. कॅनडात 2025 ला पक्षनेत्यांच्या टीव्ही चर्चेसाठी निकष लेखी होते: निवडून आलेला किमान एक खासदार, जनमत चाचण्यांत 4 टक्के, 90 टक्के मतदारसंघांत उमेदवार; तीनपैकी दोन हवेत. ग्रीन पक्ष उमेदवारांत कमी पडला, ऐनवेळी वगळला गेला. निर्णय पटो न पटो, कारण तरी कळलं. आपल्याकडे दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना प्रचारासाठी समान मूळ वेळ आणि वर मागच्या निवडणुकीतल्या मतांनुसार जादा वेळ मिळतो. खासगी वाहिन्यांवर? ओळख आणि आवाजाची पट्टी. अपक्षाला तर प्रेक्षकांतली खुर्ची, तीही मागच्या रांगेत. आणि मोठा नेता आलाच नाही तर त्याची खुर्ची रिकामी दाखवा की! लगेच दुसरा प्रवक्ता कशाला बसवता?