विहिरीचे वेगळे पैसे

परवा फेसबुकवर एका मित्राने लिहिलं होतं, "श्रीमंतांनाही त्यांचे ताप असतात, आपल्याला दिसत नाहीत." खाली दीडशे जण हसून गेले होते. मीही हसणारच होतो, पण २०१७ साल आठवलं आणि अंगठा तसाच थांबला.

त्या वर्षी समृद्धी महामार्गात आमची साडेतीन एकर गेली. वैजापूर तालुका. आता ७०१ किलोमीटरचा तो रस्ता पूर्ण झालाय, लोक मुंबईहून नागपूरला सुसाट जातात. आमच्या बांधावरची बाभूळ कुठे होती ते मलाही आता नीट सांगता येत नाही. थेट खरेदीत बाजारभावाच्या पाचपट दर होता आणि खरेदीखत झालं की पैसे सरळ खात्यात. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमची जनावरं चारा छावणीत होती. आणि एका दुपारी बाबांच्या बटणाच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "शून्यं मोज." मी मोजली. म्हणाले, "परत मोज."

रक्कम कोटीच्या वर होती. मुंबईतल्या मित्रांनो, हसू नका. तुमच्याकडे त्यात वन बीएचके येतो, आमच्याकडे त्यात सगळं गाव आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतं.

ताप सुरू झाले ते लगेच. पीककर्जासाठी बाबांना ज्या बाकावर दोन-दोन तास बसवलं जायचं, त्याच बँकेत आता साहेब उठून खुर्ची द्यायचे आणि चहा मागवायचे. विमावाले आले, प्लॉटवाले आले, दामदुप्पटवाले आले. दहा वर्षं न बोललेला चुलत भाऊ पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला आणि पत्रिकेआधी आकडा सांगितला. नाही म्हटलं तर "माजले", हो म्हटलं तर बुडाले. बाबा रात्री तीनदा उठून कडी बघायचे. पैसे बँकेत आहेत, घरात नाहीत, हे किती वेळा सांगितलं तरी उठायचेच. गावात काहींनी दारात स्कॉर्पिओ आणून उभ्या केल्या, त्यातल्या दोन पुढे हप्त्यापायी नाही, डिझेलपायी विकल्या गेल्या. पण हे सगळं किरकोळ. याला ओझं म्हणायची मला लाज वाटते. ज्याला कडी बघायला उठावं लागतं त्याच्यापेक्षा ज्याच्या दाराला कडीच नाही त्याचं दुःख मोठं, हे आम्ही दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

मला बोलायचंय ते जबाबदारीबद्दल.

पैसा आला की जबाबदारी येते, असं सगळेच म्हणतात, आणि त्याचा अर्थ लगेच दान असा घेतात. आमच्याकडेही तेच झालं. मंदिराच्या सभामंडपाला बाबांनी एक्कावन्न हजार दिले. सप्ताहात काल्याच्या दिवशीची पंगत आमच्याकडून. संगमरवरी पाटीवर बाबांचं नाव आहे, वरून तिसरं. बाबा देवळात गेले की आधी देवाला हात जोडतात आणि मग एक नजर पाटीवर टाकतात. मी चिडवत नाही. आयुष्यभर त्यांचं नाव फक्त थकबाकीदारांच्या यादीत छापून आलं होतं.

पण त्या पैशांच्या आधी एक दिवस होता, आणि तो मला सोडत नाही.

आजोबा गेले तेव्हा वारस म्हणून बाबांबरोबर माझ्या दोन्ही आत्यांची नावं सातबाऱ्यावर लागली होती. त्यामुळे खरेदीखताच्या आधी हक्कसोडपत्र करणं आलं. हा शब्द जरा नीट वाचा. हक्क तिचा, सोडायचाही तिनेच, आणि लिहून आणायचं आम्ही. मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. नोटाबंदीनंतरचे दिवस होते, माझ्याकडे सुटे नव्हते. तेही थोरल्या आत्याने कनवटीचे काढून दिले.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दी होती. सगळ्या तालुक्यातल्या बहिणी त्या महिन्यात तिथे होत्या असं वाटत होतं. धाकट्या आत्याचा अंगठा मशीन घेईना. एकदा झालं, दोनदा झालं. ऑपरेटर म्हणाला, "मावशी, केसांवर घासा जरा, तेल लागू द्या." तिने घासला. तरी नाही. पदराला पुसला, परत ठेवला. पाचव्या वेळी मशीनने तो कसाबसा घेतला. कापूस वेचून, कांदे काढून त्या बोटावर रेषाच उरल्या नव्हत्या. माणूस कोण आहे हे ओळखायला सरकारला ज्या रेषा लागतात, त्या तिने शेतात ठेवल्या होत्या. थोड्या तिच्या सासरच्या शेतात, थोड्या आमच्या.

कारण आमची विहीर १९७२ च्या दुष्काळातली. तेव्हा धाकटी आत्या बारा-तेरा वर्षांची. दिवसा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, तिथली सुकडी खायची आणि संध्याकाळी घरच्या विहिरीवर घमेली उचलायची. थोरलीचं लग्न झालं होतं, बाबा तर लहानच होते. हे आजीने मला शंभरदा सांगितलंय. महामार्गाच्या मूल्यांकनात जमिनीचे पैसे वेगळे, झाडांचे वेगळे आणि विहिरीचे वेगळे धरले होते. विहिरीचे पाच लाख ऐंशी हजार आले. ते बाबांच्या खात्यात आले.

सह्या झाल्यावर आत्यांना साड्या घेतल्या. चांगल्या घेतल्या, येवल्याच्या. आणि पाकिटात अकरा-अकरा हजार. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. "दादाचं ते आमचंच की," बाबांना दादाच म्हणणारी धाकटी एवढंच म्हणाली. कायद्याने सगळं बरोबर होतं, सही राजीखुशीची होती. फक्त राजीखुशी म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येक बाईला विचारून बघा. एका पारड्यात जमीन आणि दुसऱ्यात माहेर ठेवलं की आमच्याकडच्या बायका काय उचलतात हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तर ते पारडं मांडलं जातं.

माझं म्हणणं इतकंच आहे, की पैशाची पहिली जबाबदारी दान नव्हे, देणं. ज्याचं आहे त्याला द्या, मग उरेल त्याचं पुण्य करा. आपण हा क्रम उलटा लावतो, कारण दानाची पाटी लागते आणि देण्याची फक्त पावती मिळते.

आणि हे फक्त गावात घडतं असं समजू नका. अमेरिकेतला पोलादवाला अँड्र्यू कार्नेगी आठवा. १८८९ मध्ये त्याने लिहिलं की श्रीमंताने हयातीतच संपत्ती समाजाच्या कामी लावावी. त्याने अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधायला पैसे दिले, ही काही खोटी गोष्ट नाही. पण १८९२ मध्ये होमस्टेडच्या त्याच्याच कारखान्यात मजुरीवरून वाद पेटला, कामगारांना दार बंद झालं, बंदूकधारी आणले गेले, माणसं मेली. साहेब तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते. त्याच होमस्टेडला १८९८ मध्ये त्याने सुंदर ग्रंथालय दिलं. बारा तासांची पाळी करून आलेला माणूस त्यात कधी वाचणार, हे कुणी विचारायचं? मला त्या ग्रंथालयाबद्दल राग नाही. सभामंडपाबद्दलही नाही. क्रमाबद्दल आहे.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं, कारण कार्नेगी मेलाय आणि बाबा फेसबुकवर नाहीत. (भाऊबंद आहेत. वाचतीलच. वाचा.)

त्या पैशांतून मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप टाकलं. एक व्हीएमसी (म्हणजे संगणकावर चालणारं, धातू कापून सुटे भाग करणारं मशीन), दोन लेथ, नऊ माणसं. जॉबवर्क करतो. एका मोठ्या कंपनीचं काम आहे, नाव घेत नाही, पोट आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं. माझं बिल चार-चार महिने येत नाही. पण हीच कंपनी दरवर्षी नफ्याचे दोन टक्के सीएसआरला, म्हणजे समाजकामाला, देते, कायद्यानेच द्यावे लागतात, आणि झेडपीच्या शाळेत पाण्याचा फिल्टर बसवते. फिल्टरच्या उद्घाटनाला मला बोलावलं होतं. मी गेलो. टाळ्याही वाजवल्या. शेवटी तो फिल्टर माझ्या बिलाच्या व्याजातून आलाय असं मनात आलं, पण पोरं पाणी पीत होती, काय बोलणार.

आणि मी? गेल्या दिवाळीत माझं बिल अडकलं म्हणून मी वर्कशॉपमधल्या पोरांचा बोनस पंधरा दिवस लांबवला. त्याच आठवड्यात आकाशकंदील, फराळ, कामगारांच्या घरच्यांना बोलावून लक्ष्मीपूजन केलं. फोटो इथेच टाकलेत, खाली जाऊन बघा, दोनशे लाइक आहेत. एका पोराच्या बायकोने निघताना हळूच विचारलं, "दादा, बोनसचं काय?" फोटोत तीही हसतेय.

त्या रात्री मला विहीर आठवली.

थोरली आत्या कोरोनात गेली. तिच्या मुलांशी बोलायला अजून तोंड झालेलं नाही. धाकटीकडे भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी गेलो. चेक लिहून नेला होता, पाच लाख ऐंशी हजारांचा. जमिनीचा हिशेब मला एकट्याला करता येत नाही, विहिरीचा करता येत होता. तिने चष्मा लावून आकडा वाचला आणि विचारलं, "हे कशाचे?"

"विहिरीचे."

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादाला माहितेय?"

मी नाही म्हणालो. तिने चेकची घडी घातली, देव्हाऱ्यात अन्नपूर्णेखाली ठेवली आणि माझ्यासाठी पोहे टाकायला उठली. आतून म्हणाली, "दादाला सांग. त्याने हो म्हटल्याशिवाय मी बँकेत टाकायची नाही."

चेकची मुदत तीन महिन्यांची असते. पुढच्या गुरुवारी संपते. बाबा आत्ता बाहेर ओट्यावर बसलेत.