फुटाळ्यात बुडी मारायची नसली तरी

नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: ‘रोलेक्सची यॉट-मास्टर अन् सबमरिनर ही घड्याळं एकच, फक्त पहिल्यात प्लॅटिनम. पाणी सोसण्याचा आकडा 100 मीटरचा असला की कोणतंही घड्याळ डायव्हिंगला चालतं. आणि नागपूरकराला डायव्ह वॉच कशाला, फुटाळा तलावात बुडी मारायला?’

एकच? सबमरिनर 1953 सालचं, यॉट-मास्टर 1992 चं. आज एकाची क्षमता 300 मीटर, दुसऱ्याची 100. पण हौशी डायव्हिंगची मर्यादाच 40 मीटर, त्यामुळे मी या आकड्यांवर भांडणार नाही. खरा फरक डायलभोवतीच्या फिरत्या कडीत आहे. सबमरिनरची कडी एकाच दिशेने फिरते. पाण्यात शिरताना तिची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे किती वेळ गेला ते कळतं. धक्का लागून कडी सरकलीच, तर गेलेला वेळ जास्त दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. यॉट-मास्टरची कडी दोन्हीकडे फिरते. दोन बोयांमधला, म्हणजे पाण्यावरच्या तरंगत्या खुणांमधला, प्रवास मोजायला ते सोयीचं आहे. पाण्याखाली मात्र ती उलटी सरकली तर 40 मिनिटांची 30 दिसतील, आणि टाकीतली हवा काही घड्याळ बघून संपत नाही.

100 मीटरचं म्हणाल, तर तो आकडा चाचणीतल्या दाबाचा. 30 मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुण्यापुरतंच असतं, बापा! आयएसओ 6425 हे डायव्ह वॉचचं मानक किमान 100 मीटर तर मागतंच, शिवाय लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब, खारं पाणी, धक्के, आणि अंधारात 25 सेंटिमीटरवरून वेळ वाचता येणं. कडी चुकून फिरू नये, हीही अट. यॉट-मास्टर घालून खुशाल पोहा, पण आकडा जुळला म्हणून ते डायव्हिंगचं साधन ठरत नाही.

राहिलं नागपूर. मे महिन्यात पारा 45 च्या वर, मनगट घामेजलेलं. तिथे रबरी पट्टा अन् स्क्रूने घट्ट बसणारी चावी यांचाच उपयोग. कडीवर सावजी रस्स्याची वेळ लावा, कोण अडवतंय? प्लॅटिनमची चमक आवडली तर यॉट-मास्टर जरूर घ्या, फक्त कारण तेवढंच सांगा. आणि कोणतंही घेतलं तरी उन्हातल्या गाडीत ठेवू नका. उष्णतेने आतली पाणी अडवणारी रबरी गॅस्केट कडक होतात. झाकण उघडून काही काम केलं, तर दाबाची चाचणी करूनच घड्याळ परत घ्या.