अकरा ग्रॅम दोनशे साठ मिली

परवा ऐन लग्नसराईत, दुपारी चारला, खिशात शिशाच्या नऊ गोळ्या घेऊन मी सराफाच्या दुकानात गेलो. अजून डोक्यातून जात नाहीये ते.

प्रकार एवढाच की रविवारी मी हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकून बसतो. (मासे मिळतात का, हे घरचे विचारतातच, तुम्ही विचारू नका.) माझ्या बुचाखाली दहा ग्रॅमची गोळी लागते. जरा जड झाली की बूच जेमतेम वर राहतं, वाऱ्याची झुळूक आली की गडप होतं आणि मी ‘लागला, लागला’ करत काठी उपसतो. एका सकाळी अकरा वेळा उपसली. शेजारी बसलेलं पोरगं चिलापीनं पिशवी भरून निघालं, जाताना म्हणालं, “काका, तुमचं शिसंच लागायलंय तुमच्या गळाला.”

या गोळ्या मी घरीच ओततो. अ‍ॅल्युमिनियमचा दोन फाकांचा साचा मागवला, टायरवाल्याकडून चाकांची जुनी शिशाची वजनं आणली, आणि वितळवायचं पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात दिसणार नाही अशी हमी बायकोला दिली. शिसं ३२७ अंशाला वितळतं. मे महिन्यात आमच्या गच्चीवर शेगडीची गरज आहे का, अशी शंका येते, पण लागते.

शेगडीवरून आठवलं. तापल्या शिशात पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी क्षणात वाफ होऊन शिसं चौफेर उडतं. म्हणून हे काम कोरड्या दिवशी करायचं. सोलापुरात कोरड्या दिवसांना काय तोटा? नळ सुटून चार-चार दिवस होतात. पण शिसं वितळलं रे वितळलं की कुणीतरी खालून ओरडतं, “पाणी आलंऽऽ!” मग शेजारचे पाईप घेऊन गच्चीवर, त्यांची टाकी भरून वाहणार, आणि मी पातेल्यावर आडवा हात धरून उभा. पाणी कधी येणार हे आधी कळावं, एवढीच मागणी आहे हो. पन्नाशी उलटली माझी, अजून मध्यरात्री नळाला कान लावून झोपतो. जाऊ दे.

तर गोळ्या मोठ्या व्हायला लागल्या. मेहुणा चिंचोळीच्या एमआयडीसीत, फौंड्रीत. त्याचं निदान तयारच होतं: चाकाच्या वजनांत अँटिमनी असतं, ते मिसळलेलं शिसं थंड होताना शुद्ध शिशापेक्षा कमी आकसतं, म्हणून गोळी मोठी. बोलणं खरंच आहे त्याचं, फक्त त्यानं फरक पडतो तो केसाएवढा. पण फौंड्रीतला माणूस बोलतोय म्हटल्यावर मी दोन आठवडे शुद्ध शिसं शोधत शहरभर हिंडलो. घरातलं व्हर्नियर कधी ११.९ मिलिमीटर दाखवायचं, कधी १२.९. मी व्हर्नियरलाच शिव्या घातल्या. शेवटी म्हटलं, नेमकं वजन तरी बघू. नेमका काटा कुणाकडे? सराफाकडे.

दारात बंदूकवाले मामा. माजी सैनिक, मिशा पिळलेल्या, खांद्याला डबल बार. हातातलं यंत्र माझ्या खिशाजवळ नेलं आणि ते कोकलायला लागलं.

“काय हाय खिशात?”

“काही नाही मामा, गोळ्या आहेत.”

“डोकेदुखीच्या?”

“शिशाच्या.”

आत पाटल्या बघत बसलेल्या एका मावशींनी पाटली हातातून काढून ठेवली.

“कुठं लावायच्या?” मामांचा आवाज उतरला होता.

“गळाला.”

“कुणाच्या गळ्याला?”

“गळ्याला नाही हो, गळाला! मासे धरायचा गळ!”

“अगं बाई,” मावशी म्हणाल्या. बहुतेक माशांसाठी.

माणसानं इथं हसून सोडून द्यावं. मामांनी बंदूक भिंतीला टेकवली आणि एक गोळी चिमटीत धरली. “ओव्हरसाईज हाय ही,” म्हणाले. मग मावशींकडे वळून, जणू त्यांनीच विचारलं होतं, “बारा बोअर म्हंजे काय ठावं हाय का? एका पौंडात शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसंल, ती नळी बारा बोअर. साहेबांची कितवी बसतीय बगा.”

काउंटरवरच्या पोरानं गोळी काट्यावर ठेवली. ११.२६०. “अकरा ग्रॅम दोनशे साठ मिली,” सोनं असल्यासारखं मोठ्यानं म्हणाला. “घडणावळ लावू का काका?” आणि कॅल्क्युलेटर बडवून, “मामा, चाळीस बोअर!”

सगळं दुकान हसलं. नवरदेवाच्या अंगठीचं माप द्यायला आलेलं एक घराणं होतं, तेसुद्धा.

मग मामांनी गोळी काउंटरच्या काचेवर सोडली. सरळ घरंगळायची सोडून ती लंगडत लंगडत गेली. “गोल कुठाय ही? शिवण बगा.” मधल्या रेघेवर त्यांनी नख फिरवलं. खर्र झालं. पोरानं गेज लावला: शिवणीच्या बाजूनं ११.९, शिवणीला आडवं १२.९. बरोब्बर एक मिलिमीटर.

“साचा मिटत न्हाय तुमचा. फाकतोय,” मामा म्हणाले. बंदूक पुन्हा खांद्यावर घेतली. “काय शिकलाय साहेब?”

डिप्लोमा मेकॅनिकल, हे मी सांगितलं नाही. ‘बँकेत होतो’ म्हणालो. तेही खरंच आहे.

तीन आठवडे! दोन मापं दोन दिशांची होती, व्हर्नियर बिचारं खरं बोलत होतं, आणि हे एका माणसानं नखानं सांगावं. घरी येऊन साचा उजेडात उघडला. खुंटीजवळ तिळाएवढं शिसं चिकटून बसलं होतं. कुल्फीच्या काडीनं खरवडलं. स्क्रूड्रायव्हर लावला असता तर अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा पडून साचा कायमचा गेला असता, एवढी अक्कल मला आहे, कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. नव्या गोळ्या ओतल्या. नखाला शिवण लागत नाही. व्हर्नियर कुठूनही लावा, ११.९.

दहा ग्रॅम भरतात का, ते मात्र काट्यावरच कळणार. काल नवी पेठेत काम होतं, खिशात दोन गोळ्या टाकल्याही होत्या. लांबूनच मामांनी ओळखलं आणि भर रस्त्यात हाक मारली, “ओ चाळीस बोअर!”

मी समोरच्या दुकानात शिरलो. ते साड्यांचं निघालं.